पाय न उचलता

निवृत्तीमामा, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी आधी तुमचं नाव घेतो, आईचं नंतर. आईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सटाण्याला गेलो आणि तुमच्याबद्दल जरा कुरकुर केली, की ती मला गप्प करायची. "मना भाऊ शे तो. त्याले उलटं बोलू नको."

परवा तुमचा दहावा झाला. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मीही बोललो. वडील कांद्याच्या खळ्यावर गोण्या शिवायचे, आमच्याकडे अकरावीचं नावही कुणी काढत नव्हतं, तेव्हा तुम्ही मला सातपूरला आणलंत हे सांगितलं. कंपनीच्या निळ्या कपड्यांत, दुखरा पाय भिंतीला टेकवून, तुम्ही माझ्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहिलात हे सांगितलं. घरात एकच खोली होती, म्हणून मला अभ्यासाला ती मोकळी मिळावी असं बघून तुम्ही पाळ्या बदलून घेत होतात, तेही सांगितलं. माझ्या नावापुढे जे बी.ए. लागतं ते तुमचं आहे, असं म्हणून मी खाली बसलो.

एक गोष्ट मात्र तिथे बोललो नाही. तिच्यावरून माझं भांडण तुमच्याशी आहे, म्हणून ती तुम्हालाच सांगायची आहे. तुमची हलगी माझ्याकडे नाही. ती समुद्रापलीकडे एका बेटावर, राजेनच्या घरात आहे. आणि मला ते आजही सहन होत नाही.

तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा ती भिंतीवर कॅलेंडरच्या वर टांगलेली होती. गावाकडे तुमच्या हलगीचं नाव होतं, हे मी लहानपणापासून ऐकून होतो. गावात लग्न निघालं, मयत झालं, देवाची पालखी निघाली, की आपल्या घरी बोलावणं यायचं. तुम्ही नुसतं हातांनी वाजवायचा नाहीत. उडी मारून गिरकी घ्यायचात, बसायचात, उठायचात आणि ठेका सुटायचा नाही, असं आई सांगायची. मग सातपूरच्या कारखान्यात लोखंडी साचा तुमच्या उजव्या पायावर पडला. पाय राहिला, पण उचलेनासा झाला. तुम्ही तो जमिनीवरून ओढत चालायचात. उडी गेली तशी हलगी भिंतीवर गेली.

एकदा तुम्ही आंघोळीला गेला होतात आणि मी ती खाली काढली. कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारली. तुम्ही ओल्या अंगाने बाहेर आलात.

"ठेव खाली."

"मामा, नुसती बघत होतो."

"ठेव म्हन्लं ना. पेन कुठंय तुझं?"

"शिकवा ना मला. थोडंसं."

तुम्ही टॉवेलने डोकं पुसत राहिलात. मग म्हणालात, "हलगी हातात घेतली का लोक नाव इचारीत नाय. त्यांना न इचारता कळतं कोनाचा पोर हाय ते. तुझं नाव त्यांनी इचारलं पायजे. म्हनून तुला आनलाय हिथं."

"मग भिंतीवर कशाला ठेवली? देऊन टाका कुणाला."

"माझी हाय ती," तुम्ही म्हणालात. "तुझी नाय."

मामी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "माझ्यापरीस जास्त पुसून ठेवत्यात तिला. मला तरी कधी भिंतीवर टांगलं का?" आपण तिघंही हसलो आणि विषय तिथेच राहिला. तो अजून तिथेच आहे.

राजेनला तुमच्याकडे मीच आणला, हे मला विसरता येत नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तो मॉरिशसहून मराठी शिकायला आमच्या कॉलेजात आला होता. त्याचे पूर्वज कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात राबायला गेलेले. घरात तो तिकडची क्रेओल भाषा बोलायचा, मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याचं मराठी पुस्तकातलं होतं. कॅन्टीनमध्ये चहा सांडला तर तो म्हणायचा, "क्षमा असावी." पोरं हसून लोळायची.

त्याने येताना एक वाद्य आणलं होतं. रावान. मोठ्या चाळणीएवढं लाकडी कडं, एका बाजूने बकऱ्याचं कातडं. नाशिकच्या ओलीत कातडं सैल पडलं आणि एका बाजूने कड्यापासून सुटलं. त्याने वर्गातच विचारलं, "या नगरात चामडे बसवून देणारा कुणी मनुष्य आहे का?"

वर्ग हसला. तुमच्या हलगीबद्दल मी तोवर कॉलेजात कुणाशी चकार शब्द बोललो नव्हतो. तुम्हीच तसं शिकवलं होतं. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे. माझे मामा."

हे बोलताना मला केवढा अभिमान वाटला होता, मामा. आणि त्याच अभिमानाने मी माझ्या घरात वाटेकरी आणला.

तुम्ही ते रावान मांडीवर घेऊन फिरवून फिरवून पाहिलंत. "बकऱ्याचं हाय. कातडं झ्याक हाय. पन ताणलं कोनी हे? म्हाताऱ्याच्या गालावानी लोंबतंय." राजेनला अर्धं कळलं नाही, पण तो मान हलवत होता. तुम्ही कातडं भिजवलंत, ताणून बसवलंत, सावलीत वाळवलंत. ते घ्यायला तो आला, तेव्हा त्याने ते तसंच वाजवून पाहिलं नाही. अंगणातला कागद आणि काटक्या गोळा केल्या, जाळ केला आणि कातडं त्यावर धरून शेकायला लागला.

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. "आरं! तुमच्यात बी शेकत्यात?"

"होय. आधी अग्नी, नंतर वादन."

तुम्ही आत गेलात. भिंतीवरून हलगी काढलीत. जिला टिचकी मारली म्हणून मी बोलणी खाल्ली होती, तीच. ती घेऊन तुम्ही त्याच्या शेजारी बसलात आणि त्याच जाळावर धरलीत. मामी दारातून म्हणाली, "दोन भाकरी भाजायला बसल्यावानी दिसताय."

मग तो वाजवायला लागला. रावान मांडीवर उभं धरायचं, काठी नाही, उघड्या तळहाताने आणि बोटांनी. ठेका असा, की चालता चालता कुणी मध्येच जरा अडखळावं आणि पुन्हा चालू लागावं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग उजव्या हातात टिपरू, म्हणजे हलगीची आखूड काठी, डाव्या हातात बारीक काडी घेऊन त्याच्यात शिरलात. तो गाऊ लागला. त्याच्या भाषेतलं काही कळत नव्हतं. मामीने विचारलं, "राजन, हे रडायचं गानं हाय का नाचायचं?"

"दोन्ही, मामी. निराळे करता येत नाही."

त्याने सांगितलं की या गाण्याला आणि नाचाला सेगा म्हणतात. बेटावर मळ्यांत राबायला आणलेल्या गुलामांचा तो नाच. बाई आणि पुरुष समोरासमोर येतात, एकमेकांना शिवत नाहीत. गुडघे वाकतात, कंबर हलते, पण पाय उचलायचा नाही. जमिनीवरून घासत न्यायचा. जुने लोक म्हणतात, पायांत साखळ्या असायच्या म्हणून. कुणी म्हणतं, वाळूत नाचायचे म्हणून.

"यातलं खरं काय?" मी विचारलं.

"मला ठाऊक नाही. पाय उचलायचा नाही, एवढे खरे."

तुम्ही हलगी खाली ठेवली होती. "उचलायचाच नाय?"

"नाही."

"आन् उचलला तर?"

"तर तो सेगा नव्हे."

तुम्ही उठलात. भिंतीला हात लावून उभे राहिलात, मग हात सोडलात. राजेन हळू वाजवू लागला. तुमचा उजवा पाय जमिनीवरून सरकला, डावा त्याच्यामागून. रस्त्याने जाताना तुम्ही तो पाय माझ्या आडोशाला ठेवून चालायचात, कुणाला दिसू नये म्हणून. त्या अंगणात तो पाय तुमच्या डाव्या पायापेक्षा बरोबर होता. डाव्याला उचलायची खोड होती. मामी तोंडावर हात ठेवून "आगं बाई, हे काय!" म्हणाली. तुम्ही तिच्यासमोर जाऊन, गुडघे वाकवून, "चल ना, पुस्तकातलं हाय, लाजायचं काम नाय," असं म्हणालात. आणि ती आली, मामा. तुम्हाला आठवतं ना? पदर खोचून आली.

मला आनंद झाला. खरंच झाला. पण त्याच्या आधी मनात आलं ते दुसरंच होतं. त्या पायाला तेल मी चोळत होतो. त्याच्यासाठी दवाखान्याच्या बाकावर तुमच्याशेजारी मी बसत होतो. आणि तुम्हाला नाचवलं त्याने, ज्याला 'भाकरी'सुद्धा नीट म्हणता येत नव्हतं.

पुढे मला सुरगाण्याकडे आश्रमशाळेत नोकरी लागली. गाडीत बसवायला तुम्ही आलात. राजेनचं शिक्षण अजून बाकी होतं, तो नाशिकलाच राहिला आणि दर रविवारी तुमच्याकडे येऊ लागला. मी सुट्टीला आलो की तो माझ्या जागेवर, खिडकीखाली बसलेला दिसायचा. तुम्ही त्याला हलगी शिकवत होतात. पहिल्या दिवशी तुम्हाला 'आपण' म्हणणारा तो पोरगा थोड्याच दिवसांत 'मामा, तू बघ ना' म्हणू लागला होता. तुम्ही रागावला नाहीत, उलट खूश झालात. मी लहानपणापासून तुम्ही-तुम्ही करत आलो. त्याची डावी काडी चुकली की तुम्ही त्याचं मनगट धरून फिरवायचात. "आरं, मनगट सैल सोड. मास्तरावानी ताठ काय धरतो?" मास्तर मी होतो, मामा. मी तिथेच बसलो होतो.

तुम्ही माझा हात धरल्याचं मला एकच आठवतं. सातपूरला पहिल्यांदा आलो तेव्हा बसस्टँडसमोरचा रस्ता ओलांडताना.

सुरगाण्याहून मी तुम्हाला पत्रं पाठवायचो. तुम्हाला आणि मामीला वाचता येत नव्हतं, शेजारचं कुणीतरी वाचून दाखवत असेल असं मी धरून चाललो होतो. एकदा मन आवरलं नाही. सरळ लिहिलं की मला राजेनचा मत्सर वाटतो, तुम्ही मला जे नाकारलंत ते त्याला का देता. पुढच्या रविवारी घरी आलो तर दारात राजेनच उभा.

"तुझे पत्र मीच वाचून दाखवले. रविवारी पत्रवाचन माझ्याकडे असते, सरावासाठी. तुझे अक्षर सुंदर आहे. एकच शब्द अडला. मत्सर."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "मग?"

"मामांना अर्थ विचारला. मामा म्हणाले, पंगतीत भाकरी सगळ्यांना पुरते. पण ज्याच्या घरची चूल असते, त्याला आधी शेजाऱ्याच्या ताटात पडलेली दिसते. त्याला म्हणतात." तो दारातून बाजूला झाला. "मला उत्तम समजले."

तुम्ही आत बसून कान कोरत होतात. मला पाहून म्हणालात, "आला का? बस. जेवला का?" पत्राबद्दल एक अक्षर नाही. ना तेव्हा, ना नंतर.

त्या दिवशी मला बस स्टॉपवर सोडताना राजेनने मला त्याच्या घरचं सांगितलं. त्याच्या आजीने रावानला हात लावायला बंदी केली होती. ते गुलामांचं, आपण मराठी माणसं, शाळेत जाणारी, आपण शिवायचं नाही. म्हणून तो समुद्रकाठी एका म्हाताऱ्या मासेमाराकडे चोरून शिकला. "त्याचा नातू माझ्यावर फार जळायचा," तो म्हणाला.

"का? त्याला म्हाताऱ्याने शिकवलं नाही?"

"नाही. त्याला शाळेत पाठवले."

मग माझी बस आली. खिडकीशी बसून मी सगळं जोडून पाहिलं. तुम्ही मला हलगी का देत नव्हतात ते मला आधीही कळत होतं, त्या दिवशी अधिक कळलं. पण कळल्याने जळणं विझत नाही. विझलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं.

तो परत जायला निघाला तेव्हा तुम्ही हलगी त्याच्या हातात दिलीत आणि त्याने रावान तुमच्या भिंतीवर टांगलं. मला आधी विचारलंही नाहीत. मी म्हणालो, "मामा, ती घरची होती."

"घरचीच हाय. जाऊ दे तिकडं. तिथं ती नुसती वाजंल," तुम्ही म्हणालात. "हिथं ती वाजायच्या आधीच चुगली करती."

उत्तर आज सुचतं, पण तुम्ही ऐकायला नाहीत. मी म्हणालो असतो, मामा, मी आता शिकलेला आहे, नोकरीत आहे, लोक माझं नाव विचारतात. चुगली करू द्या ना तिला. मी ऐकून घेईन. तुम्ही माझ्यासाठी भीत राहिलात आणि मी तुमच्या भीतीचा मान ठेवत राहिलो, आणि त्यात आपली सगळी वर्षं गेली. घरी आलो की कांद्याचा भाव, माझी बदली, तुमच्या पायाची सूज एवढंच आपण बोलायचो. डोक्यावरच्या रावानकडे दोघंही बघायचो नाही.

या वर्षी तुमची तब्येत बिघडली, तेव्हा मी पुन्हा पत्र पाठवलं. मामीकडे आता मोबाईल आहे, पण ते फोनवर बोलता आलं नसतं. शेजारच्या पूजाने ते वाचून दाखवलं. पुढे काय झालं ते मामीने मला दहाव्याला सांगितलं.

"वाचून झालं तसे उठले. मी म्हन्लं पडाल, तर मलाच गप बस म्हन्ले. अंगनात पाय घाशीत एक फेरी मारली. दम लागला त्यांना. मग रावान खाली काढाय लावलं, उन्हात ठिवलं. म्हन्ले, येऊ दे त्याला."

मी शनिवारी येणार होतो. शुक्रवारी मामीचा फोन आला.

मयताला गावाकडचे तुमचे जुने साथीदार आले होते. एकाने हळूच विचारलं, हलगी आणू का. मामीने नको म्हटलं. माझ्या मयताला कुणी वाजवू नये, असं तुम्हीच तिला सांगून ठेवलं होतं. तुम्ही मुकाट गेलात.

संध्याकाळी राजेनचा फोन आला. तो रडत होता. त्याचं रडणं ऐकूनही मला वाटलं, हा काय माझ्यापेक्षा जास्त रडतोय? मग तो म्हणाला, "फोन मामींजवळ धर. मी समुद्रावर आहे. शेकून ठेवली आहे."

आणि तुमची हलगी वाजली. मध्येच वाऱ्याचा घरघर आवाज यायचा, मग पुन्हा ठेका. तुम्ही त्याला शिकवलेला, लग्नाच्या वरातीतला. तुम्ही बंदी घातली होती ती इथल्यांना. तो तिकडे होता. मामी स्पीकरवर लावलेला मोबाईल कानाजवळ धरून मान डोलवत बसली होती. शेवटी मला म्हणाली, "वाजवतो बरा. पन डावा हात अजून कच्चा हाय."

मला बरं वाटलं, मामा. तुम्ही गेलात त्या दिवशी मला बरं वाटलं, कारण त्याचा डावा हात कच्चा होता. आणि लगेच वाटलं, कच्चा का होईना, त्या दिवशी जगात एका माणसाने तुमच्यासाठी हलगी वाजवली, आणि त्याला तुमच्या दारात मी आणलं होतं. हे मी कुणाजवळ बोललो नाही. दोन्ही खरं आहे, निराळं करता येत नाही.

मामीने रावान मला दिलं. "घिऊन जा. ह्याच्यावरून कोनी काय म्हन्नार नाय." मला ते शेकता येतं, दोघांना शेकताना पाहिलंय. वाजवता येत नाही. पाय न उचलता नाचताही येत नाही. काल संध्याकाळी शाळेचं मैदान रिकामं असताना करून पाहिलं. दोन्ही पाय आपोआप उचलले जातात.

रावानसोबत तिने पत्रही परत दिलं. तुम्ही जे ऐकून उठलात ते हे.

*

सुरगाणा

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. पायाची सूज उतरली का? मामीला म्हणावं गरम पाण्याचा शेक चुकवू नको.

इथली पोरं संध्याकाळी भोपळ्याच्या पुंगीसारख्या पावरीच्या सुरावर एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचतात. मला ओढतात. मी चष्मा सांभाळत कडेला उभा राहतो. सर नाचत नाहीत, असं आता सगळ्यांनी धरूनच ठेवलं आहे. आता ती मला बोलवतही नाहीत.

हलगीचं मी पुन्हा विचारणार नाही. तुम्ही ती का दिलीत ते मला कळतं. तरी वाईट वाटतं, ते वाटू द्या.

पण तो नाच आपल्या गावचा नाही. त्यावरून इथे कुणी मला ओळखणार नाही, कुणी काही चुगली करणार नाही. राजेनने तो तुम्हाला दिला, आणि तुम्ही पुढे कुणालाच दिला नाहीत. तो मला हवा आहे. तुम्ही मला खूप दिलंत, पण ते सगळं बाहेरून आणून दिलंत, शाळेतून, कॉलेजातून. तुमच्या अंगातलं काहीतरी मला हवं आहे.

माझे दोन्ही पाय धड आहेत, म्हणून मला ते अवघड जाईल. पाय वर गेला की ओरडा. "ठेव खाली" म्हणा, तेव्हा म्हणाला होतात तसं.

शनिवारी पहिल्या गाडीने निघतो. अंगण झाडून ठेवायला सांगा.

मामा, शिकव मला.

तुझा,
सुभाष